तिसरी पिन

अ‍ॅम्प्लिफायरचं बटण दाबलं की गाणं सुरू व्हायच्या आधीच स्पीकरमधून एक आवाज येऊ लागतो. खर्जातला, एकसुरी, श्वासही न घेणारा. दुरुस्तीच्या दुकानांत त्याला ‘हमिंग’ म्हणतात. पाच हजारांच्या होम थिएटरला तो येतो, तसा दोन लाखांच्या सिस्टिमलाही येतो. त्यावरचा एक उपाय मात्र गल्लोगल्ली पाठ आहे: थ्री-पिनमधली वरची जाड पिन काढून टाका, नाहीतर प्लगच कापून साधा टू-पिन लावा. हमिंग त्याच क्षणी बंद. खर्च जवळपास शून्य, आणि करणारा घरादारात इंजिनिअर ठरतो.

उपाय लागू पडतो, हीच त्यातली गोम आहे. पिन काढल्यावर गाणं स्वच्छ ऐकू येतं, वर्षानुवर्षं काही बिघडत नाही, आणि मग ती पिन मुळात बिनकामाचीच होती अशी खात्री पटते. घरातल्या ऑडिओ यंत्रांच्या सुरक्षिततेविषयी बोलायचं तर आग, स्फोट, वीज पडणं या सगळ्याच्या आधी या पिनेविषयी बोलावं लागतं. बाकीचे धोके निदान धोका म्हणून ओळखू येतात. हा एक असा आहे की तो सुधारणा म्हणून घरात शिरतो.

घुमतंय ते काय?

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० आवर्तनांची. ती आवर्तनं स्पीकरमधून ऐकू आली की हमिंग झालं. त्याची मुख्य कारणं दोन. पहिलं यंत्राच्या पोटातलं. पुरवठा गाळून सपाट करणारा मोठा कंडेन्सर वयानं सुकतो, त्याचा डोक्याकडचा भाग फुगतो, आणि विजेची लाट गाळली न जाता गाण्यात मिसळते. सगळ्या केबली काढून ठेवल्या तरी हे हमिंग येतच राहतं. कंडेन्सर बदलणं हा त्याचा इलाज.

दुसरं कारण जोडणीतलं. अ‍ॅम्प्लिफायरचा पत्रा थ्री-पिनमधून अर्थिंगला जोडलेला असतो. त्याच अ‍ॅम्प्लिफायरला टीव्ही, टीव्हीला सेटटॉप बॉक्स, आणि बॉक्सला केबलवाल्याची किंवा गच्चीवरच्या डिशची वायर. ती वायरही बाहेर कुठेतरी जमिनीला टेकलेली असते. जमीन एकच असली, तरी दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये थोड्या व्होल्टचा फरक राहतो. त्या फरकामुळे करंट वाहू लागतो, आणि त्याची वाट जाते ती ऑडिओ केबलच्या बाहेरच्या जाळीतून. याला ‘ग्राउंड लूप’ म्हणतात. पिन काढली की ही साखळी तुटते आणि घुमणं थांबतं.

पण ती पिन बसवली होती ती वेगळ्याच कामासाठी. टाकीला ओव्हरफ्लोचा पाइप असतो, तशी ही पिन. एरवी तिच्यातून काही वाहत नाही, आणि तिची गरज पडते तेव्हा दुसरं काही उपयोगाचं नसतं. समजा, ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन जळालं, किंवा मेन लीडची फेजची वायर आतून सुटून पत्र्याला टेकली. पिन जागेवर असेल तर पत्र्यावरचा करंट अर्थच्या वायरनं निघून जातो, तो इतका मोठा असतो की फ्यूज किंवा एमसीबी उडतो, आणि बिघाड आपोआप जाहीर होतो. पिन नसेल तर काहीच उडत नाही. पत्रा २३० व्होल्टवर जातो, गाणं वाजत राहतं, आणि जमिनीकडे जायची वाट मिळते ती पहिला हात लावणाऱ्याच्या अंगातून.

हा करंट त्या एका डब्यापुरताही राहत नाही. ऑडिओ केबलची बाहेरची जाळी पत्र्याला जोडलेली असते, म्हणून केबलच्या दुसऱ्या टोकाला जे जे धातूचं असेल, ते सगळं त्याच व्होल्टेजवर येतं: माइकची जाळी, गिटारच्या तारा, हेडफोनची पिन.

हमिंग घालवायचे सरळ मार्ग आहेत. टीव्ही, बॉक्स, अ‍ॅम्प्लिफायर सगळं एकाच बोर्डावर, एकाच अर्थवर घ्यायचं. टीव्हीपासून साउंडबार किंवा रिसीव्हरपर्यंत ऑप्टिकल केबल टाकायची. तिच्यातून प्रकाश जातो, करंट जातच नाही, त्यामुळे साखळी तयारच होत नाही. तेवढ्यानं भागलं नाही तर ऑडिओच्या लाइनमध्ये किंवा केबलवाल्याच्या वायरीत आयसोलेटर बसवायचा. हे सगळं सिग्नलच्या बाजूला होतं, विजेच्या बाजूला कुणी हात घालत नाही.

इथे एक गैरसमजही दूर करायला हवा. कंपनीनं टू-पिनच दिलेलं प्रत्येक यंत्र धोक्याचं नसतं. मागच्या लेबलावर एकात एक असे दोन चौकोन छापलेले असतील तर त्याला दुहेरी इन्सुलेशन आहे. अर्थिंगशिवाय वापरता येईल असंच ते बनवलेलं असतं. अशा यंत्राच्या पत्र्याला हात लावला की कधीकधी मुंग्या येतात, टेस्टरही मंद पेटतो. स्विचिंग पुरवठ्यातून येणारा तो अगदी किरकोळ करंट असतो. मात्र टेस्टरचा निऑन इतक्या थोड्या करंटवर पेटतो की किरकोळ लीकेज आणि जीवघेणा बिघाड यांतला फरक तो नीट सांगू शकत नाही. मुंग्यांची जागा झटक्यानं घेतली, किंवा थ्री-पिनवर चालणाऱ्या यंत्राला मुंग्या आल्या, तर प्लग काढून यंत्र दुकानात न्यायचं. चप्पल घालून वापरणं ही दुरुस्ती नव्हे.

भोक आहे, वायर आहे का?

पिन शाबूत ठेवली म्हणून काम संपत नाही. जुने वाडे, चाळी, १९७०-८०च्या आसपास बांधलेल्या सोसायट्या यांतल्या कित्येक घरांत सॉकेटला वरचं मोठं भोक असतं, पण त्याच्यामागे वायरच नसते. बोर्ड बदलताना नवा थ्री-पिन सॉकेट आला, भिंतीतली वायरिंग मात्र आजोबांच्या काळातली दोन तारांचीच राहिली.

खरी तपासणी जाणकार वायरमन करतो, ती बघण्यासारखी असते. होल्डरमध्ये १०० वॅटचा पिवळा बल्ब, त्याला दोन लांब वायरी. आधी तो फेज आणि न्यूट्रलमध्ये लावून बल्ब किती पेटतो ते बघतो. मग न्यूट्रलवरची वायर काढून अर्थच्या भोकात. बल्ब तितकाच लख्ख पेटला, किंवा घरातला आरसीसीबी (करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच) फटकन पडला, तर अर्थिंग जिवंत आहे. बल्ब मिणमिणला तर जमिनीतल्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत कुठेतरी सांधा सुटलाय किंवा खड्डा सुकलाय. पेटलाच नाही तर ते भोक शोभेचं. हा प्रयोग वायरमननंच करायचा. आपण शेजारी उभं राहून बल्बाकडे लक्ष ठेवायचं.

खड्डा सुकणं ही आपल्याकडची खास अडचण आहे. पारंपरिक अर्थिंगमध्ये जमिनीत धातूची प्लेट उभी पुरून भोवती कोळसा आणि मीठ भरतात, कारण ओलसर माती करंट चांगला नेते. उन्हाळ्यात ती ओल जाते, म्हणून खड्ड्याच्या नरसाळ्यात पाणी घालायचं असतं. किती सोसायट्यांच्या वॉचमनला तो खड्डा कुठे आहे हे ठाऊक आहे? पुष्कळदा त्यावर पार्किंगच्या फरश्या बसलेल्या असतात.

अर्थ नाही म्हटल्यावर केल्या जाणाऱ्या दोन युक्त्या तर पिन काढण्याइतक्याच वाईट. एक, अर्थची वायर नळाच्या पाइपाला बांधणं. तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरचा बिघाड मग वरच्या मजल्यावर अंघोळ करणाऱ्याच्या नळाला येतो. आणि मध्ये कुठे प्लास्टिकचा पाइप बसला असेल तर ते अर्थिंगही नाममात्र. दोन, सॉकेटच्या मागे अर्थ आणि न्यूट्रल एकत्र जोडून देणं. बल्बाच्या परीक्षेत हे अर्थिंग पहिल्या नंबरानं पास होतं. पण न्यूट्रलची वायर मागे कुठे तुटली की त्या सॉकेटवरच्या प्रत्येक यंत्राचा पत्रा फेजवर येतो, यंत्रात काहीही बिघाड नसताना.

एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहणारे पुष्कळ असतात. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नव्हे. सहा अँपियरचा एमसीबी सहाच्या वर गेल्याशिवाय हलत नाही, आणि माणसाच्या अंगातून २३० व्होल्टला साधारण ०.१ ते ०.२ अँपियर जातो. तेवढा करंट हृदयाचा ताल बिघडवायला पुरेसा असतो. आरसीसीबी मात्र जाणारा आणि परत येणारा करंट सतत ताडून बघतो. ३० मिलिअँपियर, म्हणजे ०.०३ अँपियर, कुठे गळले की ०.३ सेकंदाच्या आत पुरवठा तोडतो. गळती मोठी असेल तर त्याहूनही लवकर. दोन तारांच्या जुन्या वायरिंगमध्ये अर्थची वायर ओढणं शक्य नसेल, तिथे निदान हा तरी हवाच. त्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबून आरसीसीबी पडतो का बघायचं.

हातात माइक, पाय फरशीवर

संगीताच्या जगानं याची किंमत मोजलेली आहे. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी इथे ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी रंगमंचावर विजेच्या धक्क्यानं गेला. हातात गिटार होती आणि त्यानं माइकला हात लावला. माइकचं अर्थिंग धड नव्हतं. चार वर्षांनी, मे १९७६ मध्ये, ‘यार्डबर्ड्स’चा गायक कीथ रेल्फ गेला, तो तर स्वतःच्या घरी. वय ३३. अर्थिंग नीट नसलेली इलेक्ट्रिक गिटार वाजवताना बसलेला तो झटका होता.

हार्वीच्या बाबतीत जे घडलं त्याची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. एक हात एका यंत्राला, दुसरा दुसऱ्याला, आणि दोन्ही यंत्रं वेगवेगळ्या व्होल्टेजवर. करंट या हातातून त्या हातात जाताना छातीतून जातो. आपल्याकडच्या हळदीला, डोहाळजेवणाला, बारशाला घरात कराओके लागतो तेव्हा तीच रचना उभी राहते. अ‍ॅम्प्लिफायर मांडववाल्याचा, कीबोर्ड घरचा, दोघांचे बोर्ड वेगळे, एक्स्टेंशन अंगणातून ओढलेली, नुकतीच पुसलेली फरशी आणि अनवाणी गाणारी मावशी. इथे सगळी यंत्रं एकाच बोर्डावरून घ्यायची, तो बोर्ड आरसीसीबीच्या पुढे असेल असं बघायचं, आणि गाणाऱ्याच्या हातात बॅटरीवरचा वायरलेस माइक द्यायचा. वायरच नाही म्हटल्यावर अ‍ॅम्प्लिफायरचा बिघाड हातापर्यंत पोचत नाही.

माळ्यावरचा रेडिओ

अलीकडे जुने वॉल्व्हचे रेडिओ पुन्हा दिवाणखान्यात आले आहेत. पुण्यातली तपकीर गल्ली किंवा मुंबईतला लॅमिंग्टन रोड इथे सुट्या भागांसाठी फिरणारे हौशी लोक दिसतात. छंद देखणा आहे, पण या रेडिओंतल्या एका जातीपासून जपून राहावं लागतं.

पूर्वी देशातल्या काही शहरांत डीसी पुरवठा होता. तिथेही चालावेत म्हणून एसी-डीसी दोन्हीवर चालणारे सेट बनत. डीसीवर ट्रान्सफॉर्मर चालत नाही, म्हणून या सेटांत तो नसेच. घरातल्या विजेची एक तार सरळ पत्र्याच्या सांगाड्याला जोडलेली असे. टू-पिन एका बाजूनं घातली तर सांगाडा न्यूट्रलवर, उलटी घातली तर फेजवर. सेट दोन्हीकडून सारखाच वाजतो. माणसाला वाचवतात ती लाकडी पेटी, पाठचं पुठ्ठ्याचं झाकण आणि बॅकेलाइटचे नॉब. माळ्यावरून उतरवलेल्या रेडिओचं नेमकं काय हरवलेलं असतं? पाठचं झाकण आणि एखादा नॉब. मग व्हॉल्यूमचा उघडा लोखंडी दांडा चिमटीत धरून फिरवला जातो. तो दांडा सांगाड्याला जोडलेला आहे, आणि सांगाडा फेजवर असू शकतो. कसलेला मेकॅनिक असा सेट टेबलावर आला की आधी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर घेतो, सिरीजमध्ये बल्ब लावतो, आणि मग पाठ उघडतो.

बंद करून प्लग काढला म्हणजे यंत्र मेलं, असंही नाही. वॉल्व्हच्या सेटातल्या कंडेन्सरमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट साठून राहतात. नव्या अ‍ॅम्प्लिफायरांत, साउंडबारच्या स्विचिंग पुरवठ्यातही २३० व्होल्टचे एकदिश होऊन सुमारे ३२५ व्होल्ट होतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथेच बसलेले असतात. मेकॅनिक ते बल्बातून किंवा रेझिस्टन्समधून उतरवतो. स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडणं हा पराक्रम त्याच्या लेखी अडाणीपणा असतो. ज्याला उतरवता येत नाही, त्यानं झाकणाचे स्क्रू काढू नयेत.

वळीव आणि तुटलेला न्यूट्रल

ऑडिओ यंत्रं मरतात ती बहुतेक बाहेरून येणाऱ्या आगंतुकामुळे. एप्रिल-मेमधला वळीव त्यातला एक. वीज घरावरच पडावी लागत नाही. जवळपास पडली तरी लाइनमधून, केबलच्या वायरीतून, डिशच्या वायरीतून झटका आत येतो. म्हणून नुसता स्विच बंद करून भागत नाही. मेनचा प्लग आणि केबलची वायर दोन्ही काढायला हवीत, आणि तेही गडगडाट डोक्यावर यायच्या आधी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ हे मोबाइल अ‍ॅप आसपासच्या विजांची सूचना देतं. मराठवाड्यात, विदर्भात शेतावर राहणाऱ्यांनी ते ठेवावंच. स्पाइक गार्डवर विसंबायचं तर त्यालाही चालतं अर्थिंग लागतं, कारण झटक्याचा बराचसा भाग तो अर्थमध्येच सोडतो.

दुसरा आगंतुक अधिक घातकी. इमारतीत तीन फेज येतात, घरं त्यांच्यावर वाटलेली असतात आणि न्यूट्रल सगळ्यांचा एक. तो न्यूट्रल तुटला की कमी वापर असलेल्या घरात २३० ऐवजी तीनशे, साडेतीनशे, क्वचित चारशेच्या घरात व्होल्ट चढतात. बल्ब एकाएकी लख्ख होतात, पंखा सुसाट फिरतो, साउंडबारमधून जळका वास येतो. अशा वेळी एकेका यंत्रामागे धावू नये, सरळ मेन स्विच पाडावा. वारंवार असं होणाऱ्या भागात मेन बोर्डावर ओव्हर-व्होल्टेज कट-ऑफ बसवणं एका अ‍ॅम्प्लिफायरच्या दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडतं.

झालरीखालचा अ‍ॅम्प्लिफायर

उष्णतेचं गणित सोपं आहे. जुन्या घडणीचा अ‍ॅम्प्लिफायर जेवढी वीज घेतो, त्यातला निम्म्याच्या आसपास भाग उष्णता म्हणून बाहेर टाकतो. त्याला काचेच्या शोकेसमध्ये कोंबून वर विणलेलं कव्हर घातलं की ती आतच राहते. वर आणि बाजूंना चार बोटं मोकळी जागा हवी. खंडेनवमीला, लक्ष्मीपूजनाला यंत्रांची पूजा होते. हळदकुंकू दर्शनी भागाला लावावं, जाळीवर नाही. फुलपात्रातलं पाणी शिंपडू नये. समई आणि उदबत्ती वर ठेवू नये. तीच जाळी पालींना आणि झुरळांनाही आवडते, कारण आत ऊब असते. कोकणात तर पाल शिरून शॉर्ट होणं हे दुरुस्तीवाल्यांच्या नेहमीच्या निदानांपैकी एक आहे.

खोक्यावरच्या आकड्यांनी फसू नये. ‘१२,००० वॅट पीएमपीओ’ला काही प्रमाण नाही, खरा आकडा यंत्राच्या पाठीवर, मेन लीडजवळ असतो आणि तो बहुधा दोन-तीन आकडी निघतो. साध्या एक्स्टेंशन बोर्डाची मर्यादा सहा अँपियर, म्हणजे १३८० वॅट. टीव्ही, साउंडबार, आकाशकंदील आणि माळा मिळून त्याच्या जवळपासही जात नाहीत. बोर्ड वितळतो तो त्यावर इस्त्री किंवा इंडक्शन शेगडी लावल्यामुळे. खरेदी करताना भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह आणि ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघावा. २०१२ च्या सक्तीच्या नोंदणी आदेशात ठरावीक क्षमतेवरची ध्वनियंत्रं आली, पुढे ब्लूटूथ स्पीकरही आले. क्रमांक खरा आहे का, ते ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतं. ब्लूटूथ स्पीकर गादीवर, उशीखाली चार्ज करू नये. फुगलेल्या बॅटरीचा स्पीकर पुन्हा चार्जिंगला लावूच नये.

शेवटी कान

करंटचा झटका कळतो, आवाजाचा कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं मोठ्या माणसानं ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला पाच, ९२ ला अडीच. ९५ डेसिबलला आठवड्याचा अख्खा शिधा सव्वा तासात संपतो. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजत राहणं ही त्याची पहिली सूचना.

शेजाऱ्यांच्या कानांसाठी कायदा आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल. खासगी यंत्रणेचा आवाज घराच्या हद्दीवर याच्या वर पाच डेसिबलहून जास्त जाता कामा नये. ‘माझ्या घरात मी वाजवतोय’ हे उत्तर या नियमापुढे टिकत नाही.

यंदा पाडव्याला नवी सिस्टिम घरी येणार असेल तर खोकं उघडायच्या आधी वायरमनला बोलवा. सॉकेटमागे अर्थची वायर आहे का आणि ती खड्ड्यापर्यंत पोचते का हे बल्ब लावून दाखवायला सांगा, आरसीसीबी नसेल तर बसवून घ्या, असेल तर त्याचं बटण दाबून बघा. घरात कुठे पिन काढलेले प्लग असतील तर ते आजच बदला. आणि हमिंग आलंच, तर केबल तपासा, कंडेन्सर तपासा, आयसोलेटर लावा. तिसऱ्या पिनेला हात लावू नका.